टॉमकॅटवर अ‍ॅप टाकलं की ४०४ येतंय? आधी कुठला पाथ चुकलाय ते धरा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर हापिसापासून ते विद्यापीठाच्या हाताखालच्या कॉलेजात फायनल इयरला असलेल्या पोरापोरींपर्यंत, जावात काम करणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला हे एकदा तरी येतंच. एक्लिप्समध्ये अ‍ॅप झक्कास पळतंय, तेच वॉर फाईल (अख्खं अ‍ॅप एकात बांधलेली फाईल) करून दुसऱ्या मशीनवरच्या टॉमकॅटमध्ये, म्हणजे जावाची वेब अ‍ॅपं चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये टाकलं की पांढरं पान आणि वर ४०४, म्हणजे मागितलेलं सापडलं नाही. मग सुरू होतं ते नेहमीचं, रीस्टार्ट मार, वॉर परत टाक, सर्व्हर.एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमध्ये कायतरी घाल, नाही जमलं तर टॉमकॅटच काढून नवीन टाक. यातनं कधीकधी सुटतं पण खरं, पण नेमकं कशानं सुटलं ते कळत नाही आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं परत तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की "पाथ चुकलाय" असं म्हणून भागत नाही, कारण इथं पाथ एक नाहीच, चार आहेत. ब्राऊझरला दिसणारा पत्ता, टॉमकॅटनं अ‍ॅपला दिलेला कॉन्टेक्स्ट पाथ म्हणजे पत्त्यात डोमेनच्या पुढचं त्याचं नाव, अ‍ॅपच्या आत सर्व्हलेटला (विनंती घेऊन उत्तर देणारा जावा क्लास) दिलेलं मॅपिंग, आणि चौथा म्हणजे डिस्कवरचा फाईलचा पाथ. चारांपैकी कुठला बिघडलाय ते ठरल्याशिवाय कुठल्याच फाईलला हात लावायचा नाही. खाली त्याच क्रमानं जाऊया. उदाहरण म्हणून समजा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी हजेरीचं अ‍ॅप केलंय आणि ते /हजेरी या पत्त्यावर दिसायला पाहिजे. फायलींची नावं मी आपण बोलतो तशी लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजीच.

४०४ बोलतंय कोण ते बघा

पान नीट वाचा. टॉमकॅटच्या ४०४ वर "एचटीटीपी स्टेटस ४०४" असं ठळक येतं, खाली टाईप आणि डिस्क्रिप्शन असतं, आणि लपवलं नसेल तर तळाला टॉमकॅटचं व्हर्जनही असतं. टॉमकॅटच्या पुढं एन्जिनएक्स (विनंत्या आधी घेऊन मागं पाठवणारा वेब सर्व्हर) लावलेलं असेल आणि पान अगदीच सुटसुटीत, मधोमध ४०४ आणि खाली एन्जिनएक्स एवढंच, तर तुमची विनंती टॉमकॅटपर्यंत पोचलेलीच नाही, मग टॉमकॅटचे लॉग तासभर वाचून काय उपयोग? पानच उघडत नसेल, कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणत असेल, तर तो पाथचा विषयच नाही, पोर्ट बघा, टॉमकॅट चालू आहे का बघा.

मग सर्व्हरवर लॉगिन करून तिथनंच थेट ८०८० ला विचारा. कर्ल (टर्मिनलवरनं पत्ता मागवायची कमांड) वापरा, हेडर दाखवायचा मोठा आय लावून, आणि पत्ता द्या लोकलहोस्ट:८०८०/हजेरी. शेवटचा स्लॅश मुद्दाम द्यायचा नाही. कॉन्टेक्स्ट जिवंत असेल तर टॉमकॅट स्वतःहून ३०२ देतो आणि /हजेरी/ कडे पाठवतो, हे त्याचं डिफॉल्ट वागणं आहे. ३०२ आलं म्हणजे अ‍ॅप चढलंय, भानगड आत आहे, मॅपिंगमध्ये किंवा पानातल्या लिंकमध्ये. ४०४ आलं म्हणजे त्या नावाचं चालू अ‍ॅपच टॉमकॅटला माहीत नाही. या एका कमांडनं अर्धा गुंता सुटतो आणि तरी लोक ती सोडून ब्राऊझर रिफ्रेश करत बसतात, ते पण कॅश साफ न करता.

मॅनेजर अ‍ॅप टाकलेलं असेल तर अजून सोपं, मॅनेजर/टेक्स्ट/लिस्ट ला विचारलं की प्रत्येक अ‍ॅपचा पाथ, ते चालू आहे का बंद, आणि कुठल्या फोल्डरातनं चाललंय हे ओळीनं येतं. त्यासाठी युजरला मॅनेजर-स्क्रिप्ट हा रोल लागतो, मॅनेजर-जीयूआय नव्हे. आणि मॅनेजर डिफॉल्टला फक्त त्याच मशीनवरनं उघडतो, ते उघडं करून सगळ्या जगाला देऊ नका राव.

लॉग कुठला वाचायचा

इथं बरीच मंडळी चकतात. कॅटालिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये "डिप्लॉयमेंट ऑफ वेब अ‍ॅप्लिकेशन आर्काइव्ह... हॅज फिनिश्ड" अशी ओळ दिसते आणि वाटतं झालं की सगळं व्यवस्थित. तसं नसतंय. ती ओळ अ‍ॅप सुरू व्हायला फेल गेलं तरी छापली जाते, तिचा अर्थ एवढाच की टॉमकॅटचा प्रयत्न संपला. तिच्या जरा वर बघा, "कॉन्टेक्स्ट [/हजेरी] स्टार्टअप फेल्ड ड्यू टू प्रीव्हियस एरर्स" असं आहे का. असेल तर पाथ बरोबर आहे, अ‍ॅपच मेलंय, आणि मेलेल्या अ‍ॅपचा पत्ता मागितला की ४०४ च येणार.

आणि ते का मेलं ते त्या लॉगमध्ये बहुतेक वेळा नसतंच! "वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट" एवढं म्हणून टॉमकॅट सांगतो की सविस्तर दुसऱ्या लॉगमध्ये बघा. तो दुसरा लॉग म्हणजे लोकलहोस्ट आणि पुढं तारीख अशा नावाची फाईल, त्याच लॉग्ज फोल्डरात. ती उघडा, एररचा लांबच्या लांब पट्टा असेल, त्यात सगळ्यात खालचं "कॉज्ड बाय" वाचा. बहुतेक वेळा खरं कारण तिथंच सापडतं, डेटाबेसचा पासवर्ड चुकलाय, जार फाईल नाही, नाहीतर जावाचं व्हर्जन जुनं आहे. "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" आलं तर आकडा बघा, ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. तुमच्या लॅपटॉपवर २१ नं कंपाईल केलं आणि फॅक्टरीच्या सर्व्हरवर ११ बसलंय, एवढीच गोष्ट असते.

कॉन्टेक्स्ट पाथ फाईलच्या नावावरनं ठरतो

आता मुख्य मुद्दा. वेबॅप्स फोल्डरात वॉर टाकलं की टॉमकॅट पाथ कशावरनं ठरवतो? फाईलच्या नावावरनं, बास. आत कुठंही काहीही लिहिलं तरी. हजेरी.वॉर असेल तर /हजेरी. अक्षर लहान-मोठं बदललं तर पाथ पण बदलला, म्हणजे एच कॅपिटल असलेली वॉर फाईल लहान एचच्या पत्त्यावर मिळणार नाही.

मेवन (जावाचं बिल्ड टूल) वापरत असाल तर हे नक्की बघा. टार्गेट फोल्डरात वॉर तयार होते तिच्या नावात व्हर्जन असतं, हजेरी-०.०.१-स्नॅपशॉट.वॉर असलं कायतरी. तीच उचलून वेबॅप्समध्ये टाकली की अ‍ॅपचा पत्ता /हजेरी-०.०.१-स्नॅपशॉट होतो, आणि आपण /हजेरी वर धडका मारत बसतो. पॉम.एक्सएमएल मध्ये बिल्डच्या आत फायनलनेम द्या, विषय संपला.

थेट डोमेनवरच अ‍ॅप दिसायला पाहिजे, मागं काही नको, तर वॉरचं नाव रूट.वॉर, चारही अक्षरं कॅपिटल. लिनक्सवर लहान अक्षरात लिहिलं तर ते /रूट नावाचं साधं अ‍ॅप होतं. आधीचं टॉमकॅटचं मांजरवालं स्वागताचं रूट फोल्डर तिथं असेल तर ते आधी काढा.

दोन पातळ्यांचा पाथ पाहिजे, /हजेरी/अ‍ॅडमिन असा, तर वेबॅप्समध्ये फोल्डरात फोल्डर करून होत नाही. नावात # घालायचं, हजेरी#अ‍ॅडमिन.वॉर. दोन # घातले तर मात्र पुढचं व्हर्जन धरलं जातं, हजेरी##२.वॉर म्हणजे पाथ /हजेरीच, पण दुसरी आवृत्ती, जुने लॉगिन असलेले लोक जुन्यावर आणि नवे नव्यावर. टॉमकॅट ७ पासून आहे ही सोय, कामाची आहे, पण पहिल्याच दिवशी तिच्या नादाला लागू नका.

स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क, ज्याच्या पोटातच टॉमकॅट असतो) वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. अ‍ॅप्लिकेशन.प्रॉपर्टीज मध्ये सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ लिहिलंय ना, ते फक्त बूटच्या आतल्या टॉमकॅटला लागू. वॉर करून बाहेरच्या टॉमकॅटवर टाकलं की ती ओळ कोण विचारत नाही, परत फाईलचं नावच चालतं. आणि मुख्य क्लासनं स्प्रिंगबूट-सर्व्हलेट-इनिशियलायझर एक्स्टेंड केला नसेल तर वॉर बिनतक्रार चढते, एरर नाही काही नाही, फक्त लॉगमध्ये स्प्रिंगचा तो मोठा अक्षरातला बॅनर येत नाही आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४. बॅनर दिसला नाही की हेच आधी तपासा.

एक्लिप्समध्ये अजून एक गंमत आहे, तिथनं रन केलं की अ‍ॅप टॉमकॅटच्या वेबॅप्समध्ये जातच नाही, वर्कस्पेसच्या आत लपलेल्या .मेटाडेटा फोल्डरात टीएमपी० नावाच्या कप्प्यात जातं. म्हणून वेबॅप्स रिकामं बघून घाबरू नका. तिथला पाथ प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमधल्या वेब प्रोजेक्ट सेटिंग्जमधनं येतो, म्हणून एक्लिप्समध्ये एक पाथ आणि सर्व्हरवर दुसरा असं होतं.

कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल मध्ये पाथ लिहून का होत नाही

वॉरच्या आत मेटा-इन्फ मध्ये कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल असते, तिच्यात पाथ="/हजेरी" लिहिलेलं अनेक प्रोजेक्टांत दिसतं, पिढ्यानपिढ्या कॉपी होत आलेलं. टॉमकॅट ते वाचून सोडून देतो. पाथ हे अ‍ॅट्रिब्यूट फक्त सर्व्हर.एक्सएमएल मध्ये कॉन्टेक्स्ट लिहिला तरच चालतं, तिथं पण अटी आहेत, आणि सर्व्हर.एक्सएमएल मध्ये कॉन्टेक्स्ट लिहू नका असं टॉमकॅटवालेच सांगतात कारण ती फाईल बदलली की अख्खा सर्व्हर रीस्टार्ट. चार गिऱ्हाइकांची अ‍ॅपं एका मशीनवर असली की मग शिव्या कोण खाणार?

वॉर वेबॅप्सच्या बाहेर ठेवायची असेल तर बरोबर जागा म्हणजे कॉन्फ/कॅटालिना/लोकलहोस्ट हे फोल्डर. तिथं हजेरी.एक्सएमएल नावाची फाईल करा, आत कॉन्टेक्स्ट आणि त्याचा डॉकबेस म्हणजे बाहेरच्या वॉरचा पूर्ण पाथ. इथं पण अ‍ॅपचा पाथ फाईलच्या नावावरनंच. डॉकबेस वेबॅप्सच्या आतला देऊ नका, टॉमकॅट "इनसाइड द होस्ट अ‍ॅपबेस... विल बी इग्नोअर्ड" असा इशारा देऊन तो बाजूला टाकतो.

याच फोल्डरात जुनी पडून राहिलेली एक्सएमएल हा छुपा शत्रू आहे. टॉमकॅट सुरू होताना आधी या एक्सएमएल वाचतो, मग वॉर, मग उघडी फोल्डरं. कोणीतरी मागं कधी हजेरी.एक्सएमएल करून ठेवली असेल आणि तिचा डॉकबेस जुन्या फोल्डराकडं असेल, तर तुम्ही वेबॅप्समध्ये कितीही नवी वॉर टाका, जुनंच अ‍ॅप दिसणार. "बदल केलाय पण दिसतच नाही" अशी तक्रार आली की आधी इथं डोकवा. ते नसेल तर टॉमकॅट थांबवून वर्क/कॅटालिना/लोकलहोस्ट मधलं त्या अ‍ॅपचं फोल्डर उडवा, तिथं कंपाईल झालेली जेएसपी (जावा कोड घातलेली पानं) असते, परत तयार होते.

टॉमकॅट ९ वरनं १० वर गेला असाल तर

हल्ली मला वाटतं सगळ्यात जास्त पोरं इथं अडकतात. जावा ईई ओरॅकलकडनं एक्लिप्स फाउंडेशनकडं गेलं, जावाएक्स हे नाव पुढं वापरता येईना, म्हणून जकार्ता ईई ९ पासून सगळ्या पॅकेजची नावं जावाएक्स.सर्व्हलेट ची जकार्ता.सर्व्हलेट झाली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, १० पासून पुढं फक्त नवी. आता जुन्या नावाचं अ‍ॅप १० वर टाकलं तर प्रत्येक वेळी एरर येईलच असं नाही. अ‍ॅनोटेशननं (कोडमधल्या @ च्या खुणेनं) मॅप केलेले सर्व्हलेट असतील तर टॉमकॅटच्या दृष्टीनं ती अ‍ॅनोटेशन ओळखीचीच नाहीत, म्हणून तो शांतपणे अ‍ॅप चढवतो, एचटीएमएल पानं उघडतात, आणि लॉगिनचं बटण दाबलं की ४०४. माणूस मॅपिंगमधला स्लॅश शोधत बसतो आणि स्लॅशची काही चूक नसते.

हे बऱ्याचदा सर्व्हरची उबुंटू बदलताना होतं. २२.०४ मध्ये टॉमकॅट ९ मिळायचा, २४.०४ मध्ये सर्व्हर म्हणून १० मिळतो. दोन उपाय. कोड तुमच्याकडं असेल तर इम्पोर्ट बदला, लायब्ररीही नव्या घ्या, स्प्रिंग बूट ३ ला टॉमकॅट १०.१ आणि जावा १७ लागतंच, बूट २ असेल तर टॉमकॅट ९ वरच राहा. कोड नाही, फक्त वॉर आहे, तर टॉमकॅट १० मध्ये वेबॅप्सच्या शेजारी वेबॅप्स-जावाईई नावाचं फोल्डर चालतं, नसेल तर करा, त्यात जुनी वॉर टाका, टॉमकॅट ती बदलून वेबॅप्समध्ये ठेवतो. साध्या अ‍ॅपला चालून जातं, मोठ्याला आधी टेस्ट करा.

आतलं मॅपिंग

वेब.एक्सएमएल मध्ये यूआरएल-पॅटर्न स्लॅशनं सुरू झाला पाहिजे, नाहीतर ताऱ्यानं, *.डू असा. नुसतं लॉगिन लिहिलं तर "इनव्हॅलिड यूआरएल-पॅटर्न" म्हणून अख्खं अ‍ॅप बसतं. एकाच पॅटर्नवर दोन सर्व्हलेट, एक अ‍ॅनोटेशननं आणि एक वेब.एक्सएमएल मधनं, तरी तसंच. मॅपिंगमध्ये कॉन्टेक्स्टचं नाव घालायचं नाही, तिथं फक्त /लॉगिन, पुढचं /हजेरी टॉमकॅट जोडतो. वेब.एक्सएमएल च्या वरच्या ओळीत मेटाडेटा-कम्प्लीट="ट्रू" असेल तर अ‍ॅनोटेशन बघितलीच जात नाहीत.

स्प्रिंगचा डिस्पॅचर सर्व्हलेट (विनंत्या घेऊन योग्य कोडकडं वाटणारा) /* वर लावू नका, / वर लावा. /* मध्ये जेएसपी पण त्याच्याच तावडीत सापडते आणि मग लॉगमध्ये "नो मॅपिंग फॉर गेट" पुढं वेब-इन्फ मधल्या तुमच्याच जेएसपीचा पाथ दिसतो. आणि वेब-इन्फ मधलं पान ब्राऊझरमधनं थेट मागितलं तर ४०४ येणं हे बरोबरच आहे, ते फोल्डर त्यासाठीच आहे.

पान येतंय पण सीएसएस, फोटो गायब

पानात लिंक स्लॅशनं सुरू केली, /सीएसएस/स्टाईल.सीएसएस, की ब्राऊझर ती डोमेनच्या मुळापासनं शोधतो, /हजेरी च्या आत नाही. तुमच्या मशीनवर अ‍ॅप मुळावरच होतं म्हणून चाललं. जेएसपीत सी:यूआरएल टॅग वापरा किंवा पेजकॉन्टेक्स्ट.रिक्वेस्ट.कॉन्टेक्स्टपाथ पुढं लावा. /हजेरी असं हातानं टाईप करून ठेवू नका, उद्या नाव बदललं की शंभर पानं.

थोडे फोटो दिसतात थोडे नाहीत असं असेल तर ते विंडोज-लिनक्सचं आहे, लोगो.पीएनजी मधला एल कुठं मोठा कुठं लहान. विंडोज खपवून घेतो, लिनक्स नाही.

डिस्कवरचा पाथ

कोडमध्ये न्यू फाईल("डेटा/कॉन्फिग.प्रॉपर्टीज") असं लिहिलं तर ते फोल्डर अ‍ॅपच्या आत शोधलं जात नाही, टॉमकॅट जिथं उभं राहून सुरू केला तिथं शोधलं जातं. बिनमध्ये जाऊन स्टार्टअप चालवलं तर बिनमध्ये, सिस्टमडीनं (लिनक्सवर सर्व्हिस आपोआप उठवणारा) सुरू केलं आणि वर्किंग डिरेक्टरी दिली नसेल तर थेट / मध्ये. म्हणून हातानं सुरू केलं की चालतं, आणि लाईट जाऊन आली, सर्व्हर आपोआप उठला की चालत नाही. वाचायच्या फायली क्लासपाथवरनं घ्या, लिहायच्या फायलींना बाहेरचा पूर्ण पाथ कॉन्फिगमधनं द्या. गेटरियलपाथ वर भरवसा ठेवू नका, वॉर न उलगडता चालवली तर ते नल देतं. विंडोजचा पाथ प्रॉपर्टीज फाईलमध्ये उलट्या स्लॅशनं लिहिला तर \न्यू मधला एन आणि \टेम्प मधला टी यांची नवी ओळ आणि टॅब होतात, सरळ स्लॅश लिहा, जावाला विंडोजवर पण चालतो.

कामगारांचे फोटो, पगारपत्रकं असलं अपलोड अ‍ॅपच्या फोल्डरात ठेवूच नका. ऑटोडिप्लॉय (फायली बदलल्या की टॉमकॅट आपोआप चढवतो-काढतो ती सोय) चालू असताना वॉर काढली की टॉमकॅट उलगडलेलं फोल्डर पण साफ करतो, त्यातल्या अपलोडसकट. त्यापेक्षा /एसआरव्ही/हजेरी-फोटो असं बाहेर फोल्डर करा आणि मगाशी सांगितलं तसं कॉन्फ/कॅटालिना/लोकलहोस्ट मध्ये हजेरी#फोटो.एक्सएमएल करून डॉकबेस तिकडं वळवा, मग /हजेरी/फोटो वर फोटो दिसतील. फक्त हे वेगळं अ‍ॅप धरलं जातं, तुमचं लॉगिन तिथं आड येत नाही, म्हणून खाजगी कागद या वाटेनं देऊ नका.

बाहेरच्या फोल्डरात लिहिताना "रीड-ओन्ली फाईल सिस्टम" आलं आणि परवानग्या तर सगळ्या बरोबर आहेत, चमोड ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) पण मारून झालंय (ते परत काढा आधी), तर उबुंटू-डेबियनच्या पॅकेजमधला टॉमकॅट असणार. त्याच्या सिस्टमडीच्या फाईलमध्ये प्रोटेक्ट-सिस्टम=स्ट्रिक्ट असतं, लिहायला फक्त वेबॅप्स, लॉग आणि कॅटालिनाचं फोल्डर खुलं. सिस्टमसीटीएल एडिट टॉमकॅट१० करून सर्व्हिस विभागात रीड-राइट-पाथ्स मध्ये आपलं फोल्डर घाला आणि रीस्टार्ट करा. दुसरा प्रकार, कोणीतरी एकदा रूट, म्हणजे लिनक्सच्या अ‍ॅडमिन युजरनं टॉमकॅट हातानं चालवला, लॉग आणि वर्क मधल्या फायली रूटच्या मालकीच्या झाल्या, आता टॉमकॅट युजरला तिथं लिहिता येईना. चोन करून मालकी परत द्या.

पुढं एन्जिनएक्स असेल तर

एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये लोकेशन /हजेरी/ आणि प्रॉक्सी-पास मध्ये ८०८० च्या पुढं काहीच नाही, तर पत्ता आहे तसा पुढं जातो. ८०८० च्या पुढं नुसता एक स्लॅश जरी दिला तरी /हजेरी/ एवढा भाग कापला जाऊन त्याच्या जागी तो स्लॅश बसतो, आणि टॉमकॅटला /लॉगिन एवढंच दिसतं, तिथं ४०४. म्हणून पुढं काही लिहू नका.

बाहेर मुळावर आणि आत /हजेरी असं वेगवेगळं करायचा मोह टाळा. पान उघडेल, पण टॉमकॅट सेशनची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी /हजेरी या पाथसाठी देतो, ब्राऊझर बाहेरच्या / वर ती परत पाठवत नाही, आणि पासवर्ड बरोबर टाकून पण लॉगिनचंच पान पुन्हा पुन्हा येतं. मग लोक पासवर्डच्या कोडमध्ये घुसतात. बाहेर मुळावरच पाहिजे असेल तर आत पण रूट.वॉर करा. नाहीच जमत, तर एन्जिनएक्सच्या प्रॉक्सी-कुकी-पाथ नं कुकीचा पाथ बदला, पण रीडायरेक्ट आणि पानातल्या लिंका तरीही एकेक करून बघाव्या लागतीलच.

एवढं करून पण अडलं आणि कोणाला विचारायचं झालं, तर स्क्रीनचा फोटो पाठवू नका. टॉमकॅट आणि जावाचं व्हर्जन, थेट ८०८० ला मारलेल्या कर्लचं उत्तर, वेबॅप्स आणि कॉन्फ/कॅटालिना/लोकलहोस्ट या दोन्ही फोल्डरांची यादी, आणि लोकलहोस्ट लॉगमधलं शेवटचं कॉज्ड बाय, एवढं टेक्स्टमध्ये द्या, डेटाबेसचा पासवर्ड तेवढा पुसून.